ढिगाऱ्याखालचा ओढा

वर्ध्याहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वरोरा मागे पडल्यावर खिडकीतून डोंगर दिसू लागतात. करड्या रंगाचे, सपाट माथ्याचे, अंगावर पावसाने पाडलेल्या घळी असलेले. नवखा माणूस त्यांना डोंगरच समजतो. वास्तविक ते कोळशाच्या उघड्या खाणींतून उपसून टाकलेल्या माती-दगडाचे ढिगारे आहेत. खाणपट्ट्यात त्यांना 'ओबी' म्हणतात, ओव्हरबर्डनचं लघुरूप. कोळशावर असलेलं 'जादाचं ओझं'. ज्या मातीत कापूस, ज्वारी पिकत होती तिला कोळशाच्या भाषेत हे नाव पडलं.

मागच्या पावसाळ्यात या रस्त्याने जाताना शेजारी बसलेल्या एका खाण कामगाराला मी सहज विचारलं, 'इथं आधी नाला होता ना? त्याचं काय झालं?' तो म्हणाला, 'भाऊ, वळवला ना तो.' त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या डोक्यात मात्र तो घर करून राहिला. नाला वळवला म्हणजे काय? वरचं पात्र वळवता येतं. जमिनीच्या पोटातून येणारा पाझर, डोंगरउतारावरचा झरा, त्यालाही वळवता येतं का? आणि नाही वळला, तर त्याच्यावर टाकलेल्या ढिगाऱ्याचं काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात एकदा मिळालेलं आहे. त्याची किंमत ११६ लहान मुलांनी मोजली. ती हकीकत आपल्याकडची नाही, ब्रिटनमधल्या वेल्सची आहे. पण ती वाचताना परकी वाटत नाही.

नावातलं पाणी

गावाचं नाव आबरव्हॅन. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'एफ' येतो, पण वेल्श भाषेत त्याचा उच्चार 'व्ह' होतो. 'आबर' म्हणजे संगम, ओढा नदीला मिळतो ती जागा. व्हॅन नावाचा ओहोळ टॅफ नदीला जिथे मिळतो ते गाव म्हणजे आबरव्हॅन. तिथली शाळा ज्या भागात होती त्याचं नाव पांटग्लास, म्हणजे हिरवा खोलगट भाग. आपल्याकडे जसं संगमनेर, तसाच हा प्रकार. जुन्या माणसांनी गावाचं नाव ठेवताना तिथल्या पाण्याची नोंद करून ठेवली होती.

या खोऱ्यात पाऊस भरपूर. डोंगराचा वरचा भाग वालुकाश्माचा, भेगाभेगांचा. पाऊस त्यात मुरतो, आत झिरपत खाली येतो आणि उताराच्या मध्यावर किंवा पायथ्याकडे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. हे झरे मिळून लहान लहान ओढे होतात आणि टॅफला मिळतात. उताराच्या खालच्या भागावर हिमयुगात साठलेल्या चिकणमातीचा थर आहे. त्यामुळे काही ठिकाणी पाणी सहज बाहेर पडत नाही, मातीखाली कोंडून राहतं. पाणलोटाची ही रचना लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

१८६९ साली जॉन निक्सन या खाणमालकाने टॅफच्या पलीकडच्या काठावर मर्थर व्हेल खाणीचं खोदकाम सुरू केलं. काही वर्षांतच इथून कोळसा निघू लागला. दक्षिण वेल्सचा हा कोळसा धूर कमी करणारा आणि उष्णता जास्त देणारा, आगबोटींसाठी जगात पहिल्या दर्जाचा मानला जाई. तो कार्डिफ बंदरातून जगभर जायचा. १९१३ साली दक्षिण वेल्सने ५ कोटी ७० लाख टनांच्या आसपास कोळसा काढला.

या कोळशाचा आणि आपला संबंध अगदीच नाही असं नाही. हिंदुस्थानकडे येणाऱ्या आगबोटी एडनला कोळसा भरत, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होतं. त्या बोटींच्या भट्ट्यांत कोळसा टाकायला येमेनी आणि सोमाली माणसं घेतली जात. त्यांतली कित्येक कार्डिफच्या गोदीत उतरली आणि तिथेच राहिली. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या मुस्लिम वस्त्यांपैकी एक अशी कोळशाच्या धुरातून उभी राहिली. आपल्या कोकणातले मुस्लिम खलाशीही याच काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकची कामं करत होते. खोऱ्यातून निघालेल्या कोळशाचा हिशेब या सगळ्यांच्या आयुष्यात कुठे ना कुठे लागलेला आहे. खोऱ्यात मागे उरलेल्या मातीचा हिशेब मात्र फक्त आबरव्हॅनच्या वाट्याला आला.

डोंगरावरचे सात ढिगारे

खाणीतून नुसता कोळसा येत नाही. त्याच्यासोबत दगड, माती, कोळशाची भुकटी येते. आधी हा मलबा खाणीजवळ दरीच्या तळाशीच टाकत. तिथली जागा संपल्यावर, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तो समोरच्या डोंगरावर नेऊन टाकायला सुरुवात झाली. रुळांवरून डबे वर ओढायचे आणि क्रेनने रिकामे करायचे. एक ढिगारा फार वाढला की शेजारी दुसरा. १९६६ पर्यंत असे सात ढिगारे झाले होते आणि त्यांच्या बरोबर खाली गाव होतं.

चौथ्या क्रमांकाचा ढिगारा १९३३ मध्ये सुरू झाला. जागा होती दोन ओढ्यांमधली दलदल. १९४० नंतर तो हलू लागल्याची चिन्हं दिसली, म्हणून १९४४ च्या सुरुवातीला पाणी काढायला चर खणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ढिगाऱ्याचा मोठा भाग सुटला, पाचशे मीटरच्या आसपास खाली घसरत आला आणि गावाच्या वर दीडशे मीटरवर थांबला. कुणी मेलं नाही, म्हणून कुणी धडाही घेतला नाही.

१ जानेवारी १९४७ ला ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. खाण आता खासगी मालकांची राहिली नाही, राष्ट्रीय कोळसा मंडळाची झाली. म्हणजे लोकांची. पिढ्यान्‌पिढ्या मालकांशी लढलेल्या कामगारांना तो दिवस सणासारखा वाटला होता. आपल्याकडे १९७३ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात आल्या, तेव्हाही कामगारांच्या वस्त्यांत असाच आनंद झाला होता.

सातवा ढिगारा या लोकांच्या मंडळाने १९५८ च्या ईस्टरला सुरू केला. जागा कशी ठरली? खाणीचे एक-दोन अधिकारी डोंगरावर चालत गेले आणि बघून जागा ठरवली. जमिनीची तपासणी नाही, नकाशा उघडून पाहणं नाही, पाण्याचा विचार नाही. ढिगाऱ्यांचं काम यंत्र अभियंत्याकडे असायचं, कारण मलबा वर नेणारी यंत्रं त्याच्या खात्यात होती. माती, पाणी, उतार यांचं शास्त्र ज्याला येतं तो स्थापत्य अभियंता या कामात कुठेच नव्हता. कायद्यातही ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल काही नव्हतं. खाणीत जमिनीखाली काय करायचं याचे नियम होते, जमिनीवर काय करायचं याचे नव्हते.

या सातव्या ढिगाऱ्याखाली झरे होते. डोंगरातून निघालेला एक लहान ओढा तिथून खाली जात होता. हे काही गुपित नव्हतं. सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशावर तो ओढा दाखवलेला होता, भूगर्भ खात्याच्या नकाशावरही होता. गावातल्या मुलांना तर नकाशाची गरजच नव्हती, डोंगरावरचे ओहोळ त्यांचे रोजच्या खेळाचे होते. आठ वर्षांत ढिगारा ३४ मीटर उंच झाला आणि त्यात सव्वादोन लाख घनमीटर मलबा साठला. कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक, पाण्याने थबथबलेला गाळही काही काळ त्यावरच टाकला जात होता. वरून पाऊस, खालून झरा, मधे हा गाळ.

सांगितलं होतं

अशा घटनांनंतर 'कुणाला कल्पना नव्हती' हे वाक्य हमखास ऐकू येतं. आबरव्हॅनच्या बाबतीत ते खोटं आहे.

१९३९ च्या डिसेंबरमध्ये याच टॅफ खोऱ्यात, काही मैल खाली, एका खाणीचा ढिगारा घसरून रस्त्यापार गेला होता. तेव्हाच्या खाण कंपनीने ढिगारे का घसरतात यावर एक टिपण तयार केलं. त्यात पाण्याचा धोका स्पष्ट लिहिला होता. ते टिपण राष्ट्रीयीकरणानंतर मंडळाच्या दप्तरात आलं.

१९६३ मध्ये सातव्या ढिगाऱ्याचा मोठा भाग घसरला. त्याच वर्षी नगरपालिकेच्या अभियंत्याने मंडळाला पत्र लिहिलं. शाळेच्या मागे डोंगरावर टाकल्या जाणाऱ्या गाळामुळे धोका आहे, हे त्या पत्राच्या विषयातच लिहिलेलं होतं. पत्रव्यवहार होत राहिला. शेवटी १९६५ मध्ये गाळ टाकणं थांबलं, पण मलबा टाकणं चालूच राहिलं. त्याच सुमारास शाळेत वारंवार शिरणाऱ्या पाण्याबद्दल मुलांच्या आयांनी मुख्याध्यापिकेकडे अर्ज दिला. तो वर पालिकेकडे गेला.

तरी आवाज फार वर गेला नाही, याचं कारण समजून घ्यायला हवं. गावातल्या बहुतेक घरांचं पोट त्या खाणीवर होतं. ढिगारा हलवा म्हटलं तर खर्च वाढेल, खर्च वाढला तर तोट्यातली खाण बंद होईल, ही भीती कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. आपल्या खाणपट्ट्यात आजही हीच भीती आहे. धूळ खाणारा माणूस धुळीविरुद्ध बोलत नाही, कारण त्याच्या मुलाचं नाव नोकरीच्या यादीत असतं.

२१ ऑक्टोबर १९६६

त्या ऑक्टोबरात पहिल्या तीन आठवड्यांत साडेसहा इंच पाऊस झाला, त्यातला जवळपास निम्मा तिसऱ्या आठवड्यात.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार. सहामाहीच्या सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. डोंगरावर स्वच्छ ऊन होतं, खाली गावात दाट धुकं. सकाळी साडेसातला ढिगाऱ्यावर कामाला आलेल्या माणसांना माथा दहा फूट खचलेला दिसला. वरून फोन करायची सोय नव्हती, तार चोरीला गेली होती. एक माणूस निरोप घेऊन चालत खाली गेला. वरिष्ठांनी सांगितलं, आज तिथे मलबा टाकू नका, नवीन जागा पुढच्या आठवड्यात ठरवू. तो परत वर पोचेपर्यंत माथा वीस फूट खचला होता.

सव्वानऊच्या सुमारास ढिगारा सुटला. पाण्याने भिजलेला मलबा मातीसारखा नाही, पाण्यासारखा वागला. ओली वाळू पायाने हलवली की क्षणभर पातळ होते, तसं काहीसं, पण डोंगराएवढ्या प्रमाणावर. घसरणीने खालचा चिकणमातीचा थर फाटला आणि वालुकाश्मात कोंडलेलं पाणीही बाहेर आलं. एक लाख घनमीटरहून जास्त मलबा हलला, त्यातला सुमारे चाळीस हजार घनमीटर गावात शिरला. सहा ते नऊ मीटर उंचीची काळी लाट धुक्यातून आली. आधी डोंगरउतारावरचं एक शेतघर, मग पांटग्लासची प्राथमिक शाळा, मग शेजारच्या रस्त्यावरची घरं.

मुलं नुकतीच वर्गात बसली होती. हजेरी चालू होती.

जे वाचले त्यांनी सांगितलं की आधी विमानासारखा आवाज आला आणि नंतर इतकी शांतता पसरली की पाखराचाही आवाज नव्हता. खाणीतून कामगार धावत आले. त्यांतल्या कित्येकांची मुलं त्या शाळेत होती. मलब्याने वाटेतल्या कार्डिफला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्याही फोडल्या होत्या, त्यामुळे चिखलात दोन तास पाणी मिसळत राहिलं. मधूनमधून शिट्टी वाजे, सगळे फावडी थांबवून कान देत, आतून हाक येते का ते ऐकायला. अकरानंतर जिवंत कुणीही सापडलं नाही.

१४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं, बहुतेक सात ते दहा वर्षांची. एका पिढीचा गावातला जवळजवळ निम्मा भाग एका सकाळी संपला. सापडलेल्या मृतदेहांत उपमुख्याध्यापकांचा देह होता, त्यांनी पाच मुलांना कवेत धरलेलं होतं.

'अज्ञात' झरा

कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स त्या दिवशी एका विद्यापीठाच्या कुलपतिपदाचा समारंभ उरकून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबरव्हॅनला पोचले. पत्रकारांना त्यांनी सांगितलं की ढिगाऱ्याच्या पोटात नैसर्गिक झरे होते आणि त्यांची कुणाला माहिती नव्हती.

म्हणजे आरोपी ठरला झरा. मी जेव्हा जेव्हा हा भाग वाचतो तेव्हा इथे थांबतो. गाव वसायच्या आधीपासून तो तिथे वाहत होता. नकाशावर त्याची रेघ होती. त्याच्यावर मलबा माणसांनी टाकला. तरी पहिल्या जबाबात दोष पाण्याचा.

चौकशीसाठी न्यायाधीश एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण बसलं. ते स्वतः याच भागात जन्मलेले, खाण कामगाराचे चिरंजीव. ७६ दिवस सुनावणी झाली, १३६ साक्षीदार तपासले. मंडळाने जवळपास शेवटपर्यंत चूक कबूल केली नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा, असं त्यात निःसंदिग्ध लिहिलं होतं. नऊ व्यक्तींची नावंही होती. त्याचबरोबर अहवाल म्हणतो की ही दुष्टपणाची कहाणी नाही, अज्ञानाची आणि नालायकपणाची आहे. कोणी खलनायक नाही, पण नेमून दिलेल्या कामात डोकं न वापरणारी अनेक माणसं आहेत. झरे अज्ञात होते हे म्हणणं चौकशीत टिकलं नाही.

कुणावरही खटला झाला नाही. कुणाची नोकरीही गेली नाही. रॉबेन्स यांनी राजीनामा देऊ केला, सरकारने तो घेतला नाही.

पुढचं तर सांगायलाही लाज वाटावी असं आहे. मंडळाने प्रत्येक मुलामागे ५०० पौंड दिले. जगभरातून आलेल्या देणग्यांचा निधी साडेसतरा लाख पौंडांच्या घरात गेला, तर धर्मादाय आयोगाने सुचवलं की पैसे देण्याआधी मृत मुलाशी आईबापांचं नातं कितपत जवळचं होतं ते तपासावं. उरलेले ढिगारे हलवायला सरकार आणि मंडळ तयार नव्हतं. डोंगराकडे बघत जगणं लोकांना अशक्य झालं होतं. शेवटी लोकांनी सरकारी कचेरीत नेऊन काळा गाळ ओतला. तेव्हा ढिगारे हलवायचं ठरलं, पण खर्चातले दीड लाख पौंड त्याच मदतनिधीतून घेतले. मेलेल्या मुलांच्या नावाने आलेल्या पैशातून मारणाऱ्याचा ढिगारा उचलला गेला. ती रक्कम १९९७ मध्ये परत केली, व्याजाशिवाय. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने वीस लाख पौंड देऊन ती चूक काही प्रमाणात सुधारली.

१९६९ मध्ये ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा आला. मर्थर व्हेल खाण १९८९ मध्ये बंद झाली.

हरीम: पाण्याभोवतीचं अंतर

हे सगळं वाचत असताना मला फिक्हमधली, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातली, एक जुनी संज्ञा आठवली: हरीम. 'हराम' आणि 'हरम' या शब्दांच्याच कुळातला हा शब्द. अर्थ आहे राखलेली, मज्जाव असलेली जागा. पडीक जमिनीत कुणी विहीर खणली किंवा झरा मोकळा केला, तर त्याच्याभोवती ठरावीक अंतरात दुसऱ्या कुणाला खोदकाम करता येत नाही. हनफी परंपरेत जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीचं हरीम चाळीस हात, आणि झऱ्याचं पाचशे हात. विहिरीपेक्षा झऱ्याला एवढं जास्त अंतर का? कारण झऱ्याचं पाणी लांबून येतं आणि लांब जातं. पाणी म्हणजे फक्त डोळ्यांना दिसणारी धार नाही, त्यामागची जमीनही पाण्याचाच भाग आहे, हे त्या फकीहांना कळलं होतं.

हा नियम बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या ग्रंथात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांसाठी चार्ल्स हॅमिल्टनने त्याचा इंग्रजी तर्जुमा केला, तो १७९१ मध्ये लंडनला छापला गेला. उस्मानी साम्राज्याने आपला दिवाणी कायदा 'मजल्ला' या नावाने संहिताबद्ध करायला घेतला तो १८६९ मध्ये, म्हणजे निक्सनने मर्थर व्हेलची खाण खणायला घेतली त्याच वर्षी. त्यातही झऱ्याचे पाचशे हात आहेत.

मला यातून 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' असा दावा करायचा नाही. तसले दावे करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, आणि आज कित्येक मुस्लिम देशांत नद्या-झऱ्यांची जी अवस्था आहे ती पाहता तो दावा शोभणारही नाही. शिवाय हा नियम मूळचा पाण्याच्या मालकाचा हक्क राखण्यासाठी होता, मलब्याच्या ढिगाऱ्यांसाठी नव्हता. माझा मुद्दा एवढाच आहे की पाण्यापासून अंतर ठेवावं ही गोष्ट समजायला विसाव्या शतकाचं विज्ञान लागत नव्हतं. पाचशे हात म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे मीटर. आबरव्हॅनच्या सातव्या ढिगाऱ्याने झऱ्यापासून ठेवलेलं अंतर होतं शून्य.

आपल्या डोंगरांकडे

वेल्समध्ये आजही बंद खाणींचे अडीच हजारांवर ढिगारे आहेत. फेब्रुवारी २०२० च्या वादळात टायलर्सटाउनचा ढिगारा घसरला, नोव्हेंबर २०२४ मध्ये कुमटिलेरीचा. जीव गेले नाहीत, पण पाऊस वाढला की जुनं पाणी पुन्हा आपली वाट शोधतं, हे तिथल्या लोकांना कळून चुकलं आहे.

आपल्याकडे २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात लालमाटियाच्या राजमहल खाणीत मलब्याचा प्रचंड भाग कोसळला. २३ कामगार गेले. किती जणांना ती तारीख आठवते? विदर्भात वर्धा नदीच्या खोऱ्यात इंग्रजांनी १८७० च्या दशकात वरोऱ्याला खाण चालवली, ती १९०६ मध्ये बंद झाली. तेव्हापासून हे खोरं कोळसा देतंच आहे. यवतमाळ जिल्ह्यात वणीला लागून असलेल्या तालुक्याचं नाव झरी-जामणी आहे. तिथल्या जमिनीखालीही कोळसा आहे. गावाच्या नावात झरी आहे, हे तिथे जागा ठरवणाऱ्यांपैकी कुणाला आठवेल का?

खाण उघडताना आधी कागदावर नाला वळवला जातो. आराखड्यात निळी रेघ पुसून दुसरीकडे काढली जाते. त्या रेघेबरोबर शिवारातलं पाणीही हलतं, असं गृहीत धरलेलं असतं. खाणीचा खड्डा खोल जातो, आजूबाजूच्या विहिरी आटतात, आणि पावसाळ्यात वाहून आलेला गाळ उरलेल्या नाल्यात बसतो. पूर आला की बातमी येते: नाल्याने पात्र सोडलं. नाल्याने पात्र सोडलेलं नसतं. त्याचं पात्र आधीच कुणीतरी घेतलेलं असतं.

आबरव्हॅनच्या मुलांच्या मृत्यूची नोंद करताना कारण म्हणून गुदमरणं आणि इजा असं वाचून दाखवलं जात होतं. तेव्हा एक बाप उभा राहिला आणि म्हणाला, तसं लिहू नका. राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत गाडलं, असं लिहा. त्याला इन्साफ हवा होता आणि त्याची सुरुवात कारण खरं लिहिण्यापासून होते, हे त्याला कळत होतं.

त्या गाडीतल्या कामगाराला मी पुढे काही विचारलं नाही. आता भेटला तर एवढंच विचारेन की तुझ्या लहानपणी त्या नाल्याला नाव काय होतं. ते नाव, तो कुठून निघायचा आणि कुठे मिळायचा, हे आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. खाणीच्या दप्तरात ते सापडणार नाही. उद्या कुणी म्हणालं की इथे झरा होता हे ठाऊक नव्हतं, तर दाखवायला तेवढा एक कागद आपल्या हातात असायला हवा.